'कॅचिंग फायर' वाचायला घेताना

सुझान कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स'चं पहिलं पुस्तक रात्र जागून संपवणारे आणि दुसऱ्यात, म्हणजे 'कॅचिंग फायर'मध्ये, शंभराव्या पानाच्या आसपास अडखळणारे वाचक मला नेहमी भेटतात. त्यांची तक्रार एकच असते: रिंगण अजून का येत नाही? (या कथेत बारा डिस्ट्रिक्टांतून निवडलेल्या मुलांना मरेपर्यंत झुंजायला लावतात. त्या झुंजी म्हणजे खेळ, आणि त्या होतात ती जागा म्हणजे रिंगण.) तक्रारीत तथ्य आहे. दोन्ही पुस्तकांत २७ प्रकरणं आहेत, नऊ-नऊ प्रकरणांचे तीन भाग आहेत. पण पहिल्या पुस्तकात अकराव्या प्रकरणात झुंज सुरू होते, आणि दुसऱ्यात त्यासाठी एकोणिसाव्या प्रकरणापर्यंत थांबावं लागतं. दोन-तृतीयांश पुस्तक रिंगणाबाहेर घडतं. माझं मत असं की या मालिकेतला सगळ्यात कसदार मजकूर याच अठरा प्रकरणांत आहे. तो नुसता उरकला, तर शेवटची नऊ प्रकरणं फक्त मारामारी वाटतात. नीट वाचला, तर तीच प्रकरणं अंगावर येतात.

इंग्रजी कादंबऱ्या नुकत्याच वाचायला लागलेल्या शाळा-कॉलेजातल्या मुलांसाठी आणि त्यांच्याबरोबर वाचणाऱ्या आईवडिलांसाठी हे लिहितो आहे. पहिल्या पुस्तकात काय घडतं ते इथे उघडपणे येईल. दुसऱ्यातलं, सुरुवातीची काही पानं सोडली, तर मी फोडणार नाही.

आधी क्रम ठरवा

मालिकेत आता पाच पुस्तकं आहेत. 'द हंगर गेम्स' २००८ साली आलं, 'कॅचिंग फायर' २००९ साली, 'मॉकिंगजे' २०१० साली. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पूर्वकथा सांगणारी दोन पुस्तकं आली, २०२० साली अध्यक्ष स्नोच्या तरुणपणाचं आणि २०२५ साली नायिका कॅटनिसचा मार्गदर्शक हेमिच याच्या खेळांचं. कथेतल्या काळाप्रमाणे वाचावं असं काहींना वाटतं. नवख्याने तसं करू नये. हेमिच ज्या पन्नासाव्या खेळांत जिंकला, त्यांची हकिगत 'कॅचिंग फायर'मध्ये कॅटनिस आणि तिचा जोडीदार स्पर्धक पीटा जुन्या चित्रफितीवर पाहतात. ती आपल्यालाही त्यांच्याच वेळी, तेवढीच आणि तशीच कळायला हवी. प्रकाशनाच्या क्रमाने वाचा.

दुसरी पळवाट म्हणजे पहिल्या पुस्तकाऐवजी २०१२चा चित्रपट बघून थेट दुसरं पुस्तक उघडणं. चित्रपट चांगला आहे, पण पुढे लागणाऱ्या काही गोष्टी त्यात नाहीत. महापौरांची मुलगी मॅज त्यात नाहीच. मॉकिंगजे या पक्ष्याची पिन पुस्तकात मॅज देते आणि चित्रपटात ती बाजारातून येते. त्या पिनेला इतिहास आहे, तो दुसऱ्या पुस्तकात उलगडतो. पीटाचा एक पाय पहिल्या पुस्तकाच्या शेवटी कापावा लागतो, चित्रपटात तो शाबूत राहतो. चित्रपटावरून आलेल्या वाचकाला दुसऱ्या पुस्तकात पीटाचा कृत्रिम पाय एकदम कुठून आला, हे कळतच नाही.

आणि तिसऱ्या पुस्तकाचं मलपृष्ठ चुकूनही वाचू नका. दुसऱ्याचा शेवट तिथे दोन-तीन ओळींतच सांगून टाकलेला आहे. पात्रांच्या याद्या, चाहत्यांची पानं, 'शेवटाचा अर्थ' सांगणारे व्हिडिओ, हे सगळं महिनाभर दूर ठेवा.

पुस्तक विकत घ्यायचं असेल तर मूळ प्रकाशक स्कोलॅस्टिकची पेपरबॅक घ्या. अप्पा बळवंत चौकात किंवा फोर्टच्या फुटपाथवर जुनी प्रत शोधणार असाल, तर नकली छपाईपासून सावध राहा. अशा प्रतींत पानं गाळलेली किंवा उलटी शिवलेली सापडू शकतात. शेवटची पानं आहेत का हे बघायलाच हवं, पण ते बरोबरच्या माणसाला बघायला सांगा. या पुस्तकाची शेवटची ओळ आधी नजरेस पडली, तर वाचनातली अर्धी गंमत गेली.

पहिल्या पुस्तकाची उजळणी

सगळं पुन्हा वाचायची गरज नाही, पण चार गोष्टी मनात ताज्या हव्यात.

पहिली म्हणजे विषारी फळं. चोवीसपैकी एकानेच जिवंत उरायचं, हा कॅपिटलचा, म्हणजे सगळ्या डिस्ट्रिक्टांवर राज्य करणाऱ्या राजधानीचा नियम. कॅटनिस आणि पीटा दोघांनी मिळून ती फळं तोंडापाशी नेली आणि विजेता कोणीच उरणार नाही अशी वेळ आणली. खेळ चालवणाऱ्यांना माघार घ्यावी लागली. प्रेक्षकांना ते प्रेम दिसलं, सत्तेला ते बंड दिसलं. दुसऱ्या पुस्तकातली प्रत्येक घटना या एका कृतीच्या दोन अर्थांतून निघते.

दुसरी रूची. डिस्ट्रिक्ट ११ची ती लहानगी मेल्यावर कॅटनिसने तिला फुलांनी सजवलं, आणि त्या डिस्ट्रिक्टने आपल्या तुटपुंज्या पैशांतून कॅटनिसला पाव पाठवला. एका डिस्ट्रिक्टने दुसऱ्याच्या स्पर्धकाला भेट पाठवण्याची ती पहिलीच वेळ. त्याच डिस्ट्रिक्टच्या थ्रेशने रूसाठी कॅटनिसचा जीव वाचवला, तेही लक्षात असू द्या.

तिसरी म्हणजे परतीचा प्रवास. रिंगणातलं प्रेम बऱ्याच अंशी कॅमेऱ्यासाठी होतं, हे पीटाला तिथे कळतं आणि तो दुखावतो. दुसरं पुस्तक उघडतं तेव्हा दोघांमधला अबोला तसाच आहे.

चौथी गोष्ट हेमिचची. रिंगणात कॅटनिस तहानेने तडफडत असते, पाणी मागते, तो पाठवत नाही. मग तिच्या ध्यानात येतं की तो पाठवत नाही, याचाच अर्थ पाणी जवळ आहे. हा माणूस न बोलून निरोप देतो. दुसऱ्या पुस्तकात तो गप्प बसला किंवा त्याने विषय बदलला, की तिथे पेन्सिलने खूण करा.

शब्दांपाशी अडू नका

इंग्रजी सोपं आहे, वाक्यं छोटी आहेत, सगळं वर्तमानकाळात चालतं. अडखळायला होतं ते लेखिकेने घडवलेल्या किंवा वेगळ्या अर्थाने वापरलेल्या शब्दांपाशी, आणि त्यातल्या निम्म्यांसाठी शब्दकोश कामाचा नाही. रीपिंग म्हणजे स्पर्धकांची नावं काढण्याचा दिवस. ट्रिब्यूट म्हणजे निवडला गेलेला मुलगा किंवा मुलगी. पीसकीपर म्हणजे कॅपिटलचा सशस्त्र शिपाई. अ‍ॅव्हॉक्स म्हणजे जीभ कापून गुलाम केलेला माणूस. टेसेरा म्हणजे धान्य-तेलाच्या बदल्यात आपल्या नावाची आणखी एक चिठ्ठी टाकणं. क्वार्टर क्वेल म्हणजे दर २५ वर्षांनी वेगळ्या, जास्त कडक नियमाने होणारे खेळ. पहिल्या पुस्तकातले खेळ ७४वे होते, त्यामुळे पुढचे कोणते हे तुम्हीच मोजू शकता. एवढं पुरे. बाकीचे शब्द वाचता वाचता कळतात.

एक वही आणि बारा ओळी

वाचायला बसण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर डिस्ट्रिक्ट आणि त्यांचे धंदे लिहून घ्या. १ चैनीच्या वस्तू, २ दगडकाम आणि शिपाई, ३ विजेची उपकरणं, ४ मासेमारी, ५ वीज, ६ वाहतूक, ७ लाकूड, ८ कापड, ९ धान्य, १० गुरं, ११ शेती, १२ कोळसा. हे अभ्यासाचं काम वाटेल, पण या पुस्तकातला निम्मा तणाव या यादीत दडलेला आहे.

कॅपिटलमध्ये काहीच पिकत नाही, काहीच बनत नाही. सगळं डिस्ट्रिक्टांकडून येतं. तिथे गडबड झाली, तर सरकारी पडद्यावर बातमी दिसणार नाही, पण कॅपिटलच्या घराघरांत एखादी वस्तू मिळेनाशी होईल. लासलगावचे लिलाव बंद पडले की ते पेपरात वाचायच्या आधी भाजीवाल्याकडच्या कांद्याच्या भावावरून कळतं, तसंच हे. पुस्तकाच्या पूर्वार्धात कॅटनिसला नटवायला येणारी कॅपिटलची मंडळी बडबड करतात: हे मिळत नाही, ते संपलंय, अमुक मेजवानी रद्द झाली. नवखा वाचक ही टकळी वरवर वाचून पुढे जातो. तुम्ही थांबा. कोणती वस्तू मिळत नाही ते लिहा, पहिल्या पानावरच्या यादीशी जुळवा. कॅटनिसही तेच करते. तिच्या आधी तुम्हाला उत्तर सापडलं, तर त्यासारखा आनंद नाही.

रिंगणातही ही यादी लागते. कोण कुठून आला, यावरून त्याला काय येत असेल ते ठरतं. कोळ्याला जाळं येतं, लाकूडतोड्याला कुऱ्हाड.

पहिला भाग: सावकाश

सुरुवातीच्या तीस पानांत घडतं म्हणून एवढं सांगतो: अध्यक्ष स्नो स्वतः कॅटनिसच्या घरी येतो. पहिल्या पुस्तकात ही सत्ता लांब होती, पडद्यावर होती. आता ती तिच्याच घरातल्या अभ्यासिकेत बसून शांतपणे बोलते. एकमेकांशी खोटं बोलायचं नाही, असं दोघांत ठरतं. तो आवाज चढवत नाही. त्याच्या अंगाला गुलाबाचा आणि रक्ताचा वास येतो. ही भेट अगदी हळू वाचा, कारण तो काय मागतो यापेक्षा त्याला काय काय माहीत आहे, हे जास्त भीतिदायक आहे. तो ठराव आणि तो वास तिसऱ्या पुस्तकापर्यंत पुरतो.

मग विजययात्रा. दोन खेळांच्या बरोबर मधे विजेत्यांना प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये फिरवायचं, म्हणजे मेलेल्या मुलांच्या आईबापांना मारणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवाव्या लागतात. लेखिकेने ही कल्पना तीन-चार वाक्यांत मांडली आहे आणि ती वाचून मला दर वेळी गलबलून येतं. यात्रा डिस्ट्रिक्ट ११पासून सुरू होते. चौथं प्रकरण वाचताना शेजारी कोणी नसलेलं बरं. पहिल्या पुस्तकात डिस्ट्रिक्ट १२च्या लोकांनी कॅटनिसला तीन बोटं ओठांना लावून उंचावत निरोप दिला होता, ती खूण आठवत असेल. आता तिचा अर्थ आणि तिची किंमत दोन्ही बदलतात.

ती खूण पुस्तकाबाहेरही गेली. मे २०१४मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा निदर्शकांनी तीन बोटं उंचावली आणि काहींना त्यासाठी ताब्यात घेतलं गेलं. २०२१च्या लष्करी उठावानंतर म्यानमारच्या रस्त्यांवरही तीच खूण दिसली. किशोरांसाठी लिहिलेल्या काल्पनिक कथेतल्या हातवाऱ्याची खऱ्या लष्कराला दखल घ्यावी लागली. हे माहीत असताना ते प्रकरण वाचलं, की ते पोरासोरांचं साहित्य आहे असं म्हणवत नाही.

यात्रा संपत येते तेव्हा अध्यक्षांच्या महालात मेजवानी होते, सहाव्या प्रकरणात. तिथे पोट भरलं की ओकून टाकण्यासाठी एक पेय ठेवलेलं असतं, म्हणजे पुन्हा जेवता यावं. उपाशी डिस्ट्रिक्टमधून आलेल्या दोन मुलांना ते कळतं, तो परिच्छेद वाचकाच्या मनात बसतोच. त्यामुळे त्याच मेजवानीतलं दुसरं काही सुटून जातं. एक माणूस कॅटनिसबरोबर नाचतो, थोडं बोलतो, काहीतरी दाखवतो. ते बोलणं दोनदा वाचा आणि वहीत शब्दशः उतरवा. का, ते विचारू नका.

पावाबद्दलही तसंच. प्रत्येक डिस्ट्रिक्टचा पाव निराळा. पुस्तकात जिथे पाव येईल, तिथे कुठला, कसा आणि किती, याची नोंद ठेवा.

कॅटनिसला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं

सगळी कथा कॅटनिस सांगते, तीही वर्तमानकाळात. म्हणजे पुढे काय होणार हे सांगणारीलाही माहीत नाही. शिवाय ती माणसं ओळखण्यात चुकते. पहिल्या पुस्तकात पीटा बलाढ्य स्पर्धकांच्या टोळीत दिसला, तेव्हा तिने त्याला दगाबाज ठरवलं होतं. तो तिला वाचवायला तिथे गेला होता. शिकार, झाडं, भूक, धोका याबाबत तिची नजर अचूक आहे. कोणाला आपल्याबद्दल काय वाटतं आणि लोक आपल्यात काय बघतात, याबाबत तिचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो.

म्हणून वहीत दोन रकाने करा. एकात तिने प्रत्यक्ष काय पाहिलं किंवा ऐकलं, दुसऱ्यात तिने त्यावरून काय ठरवलं. पहिल्या रकान्यावर विश्वास ठेवा, दुसऱ्यावर प्रश्नचिन्ह असू द्या. पहिल्या पुस्तकातलं रहस्य 'कोण वाचणार' एवढंच होतं. इथे प्रश्न 'कोणाला काय माहीत आहे' हा आहे, आणि ज्यांना माहीत आहे ते कॅटनिसला सांगत नाहीत. दोन रकान्यांमधली तफावत वाढत गेली की समजा, तुम्ही पुस्तक बरोबर वाचताय.

याच कारणासाठी २०१३चा चित्रपट पुस्तकानंतरच बघा. कॅटनिस जिथे हजर नाही असे प्रसंग, स्नो आणि त्याच्या माणसांच्या खासगी बैठका, दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्सने पडद्यावर दाखवले आहेत. चित्रपटाला ते साजतं. पण ते आधी पाहिलं, तर पुस्तकातला अंधार राहत नाही.

कॅटनिसचा शिकारीतला जुना सोबती गेल, त्याच्याबद्दल एक सूचना. इंटरनेटवर या पुस्तकाची चर्चा 'गेल की पीटा' अशी दोन तट पाडून चालते. त्या वादात पडून वाचू नका. गेल आता आठवड्याचे सहा दिवस कोळशाच्या खाणीत उतरतो, आणि कॅटनिस विजेती म्हणून मोठ्या घरात राहते. त्यांच्यातल्या अंतराला प्रेमापेक्षा पैसा, श्रम आणि राग ही कारणं जास्त आहेत. तसं वाचलं की सातवं आणि आठवं प्रकरण वेगळ्याच वजनाने येतात.

कधी थांबायचं

कॉलिन्स यांनी आधी मुलांच्या टीव्ही मालिका लिहिल्या आहेत, आणि ते इथे दिसतं. जवळजवळ प्रत्येक प्रकरण ऐन वळणावर तुटतं. प्रकरण संपलं की झोपू, असं ठरवलं तर झोप नाही. म्हणून प्रकरणाच्या मधे, एक प्रसंग संपून कोरी ओळ सुटते तिथे थांबा. दुसऱ्या दिवशी अर्धं प्रकरण वाचून पुढच्याच्या मध्यापर्यंत जा. परीक्षेच्या दिवसांत वाचणाऱ्या मुलांना ही युक्ती फार उपयोगी पडते.

पहिले नऊ रोज एक, मधले नऊ रोज दोन, असा वेग मला योग्य वाटतो. बाराव्या प्रकरणाच्या शेवटी क्वेलचा नियम जाहीर होतो. तिथे मात्र पुस्तक बंद करून पाच मिनिटं बसा. हा नियम कोणी, का आणि आत्ताच का काढला असेल, याचा स्वतःचा तर्क लिहा, मग तेरावं उघडा. शेवटची नऊ प्रकरणं सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवा आणि एका दमात वाचा. त्या भागात रिंगणाची रचना कळायला वेळ लागतो, म्हणून विसाव्या प्रकरणापासून वहीत नकाशा काढत जा: समुद्र, वाळू, जंगल, कुठे काय घडलं आणि कधी. 'कधी' हे विसरू नका.

लहान मुलांच्या पालकांसाठी

बारा-तेरा वर्षांच्या आतल्या मुलाला हे एकट्याने वाचायला देऊ नये, असं मला वाटतं. चौकातली फटक्यांची शिक्षा, जखमांचं वर्णन, ओळखीच्या पात्रांचे मृत्यू हे सगळं यात आहे. त्याहून खोल जाते ती कॅटनिसची झोप. ती किंचाळत उठते, पीटालाही दुःस्वप्नं पडतात, हेमिच चाकू हातात धरून झोपतो आणि दारू पितो. जिंकून आलेली माणसं बरी झालेली नाहीत. लेखिकेचे वडील अमेरिकी हवाई दलात होते, व्हिएतनाम युद्धात जाऊन आले होते. युद्धावरून परतलेल्या माणसाच्या घरात वाढलेल्या बाईने हे लिहिलंय, हे त्या पानांवरून जाणवतं. मूल वाचताना गप्प झालं, तर 'गोष्टच आहे ती' म्हणून उडवून लावू नका. तुम्हीही त्याच्या एक प्रकरण मागे राहून वाचा, म्हणजे त्याला बोलायला कोणीतरी असेल.

संपल्यावर

२००९च्या १ सप्टेंबरला हे पुस्तक आलं आणि पुढचं २४ ऑगस्ट २०१०ला. त्या वाचकांनी जवळपास वर्षभर त्या शेवटच्या ओळीवर काढलं. तुम्हाला तेवढं थांबायचं कारण नाही, तिसरं आधीच आणून ठेवा. फक्त ते उघडण्यापूर्वी एक संध्याकाळ वही घेऊन बसा आणि खुणा केलेली पानं पुन्हा वाचा: मेजवानीतला नाच, हेमिचचे गप्प बसण्याचे प्रसंग, पावाच्या नोंदी, बाराव्या प्रकरणानंतर लिहिलेला तुमचा तर्क. लेखिकेने काहीच लपवलं नव्हतं, सगळं डोळ्यांसमोर होतं, हे तेव्हा कळतं. एखादी खूण सुटलीच असेल, तर तिच्यासाठी सातव्या प्रकरणापासून पुन्हा एकदा चाळा. तिसरं पुस्तक त्याच माणसांना घेऊन, पण फार वेगळ्या जागी सुरू होतं, आणि तिथे पोहोचल्यावर मागे वळून बघायला सवड मिळत नाही.